कोरी सुरी

जळकोट, नळदुर्ग किंवा सास्तूरच्या आठवडी बाजारात कधी माझ्यासमोर उकिडवे बसून तुम्ही सुरी निवडली असेल, तर माझ्या उजव्या गुडघ्याशी ठेवलेली एक वेगळी सुरी तुम्हाला दिसली असेल. बाकीच्यांसारखीच लाल मुठीची, पण मुठीला काळा दोरा गुंडाळलेली. काकडी सोलून दाखवायची ती तिनंच. दोरा कशाला, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "दृष्ट लागू नये म्हणून." लोक हसायचे, मीही हसायचो. आता गुडघ्यांनी जवाब दिला, बाजार बंद झाला आणि गोणपाटाची घडी माळ्यावर गेली. तेव्हा त्या दोऱ्याचं खरं कारण सांगून टाकतो. बायकोलासुद्धा ते पूर्ण ठाऊक नाही. तिलाही हे वाचूनच कळेल.

माझा धंदा स्वस्तातल्या सुऱ्यांचा. सुरे, सत्तूर, कोयते असला भारी माल मी कधी ठेवला नाही. माझी सुरी म्हणजे चार बोटं पातं आणि चार बोटं मूठ. बटाटा सोला, भेंडीचे देठ उडवा, रोपाची पिशवी फाडा, ठिबकची नळी कापा, सगळ्याला तीच. पातळ पत्रा, दोन खिळे आणि प्लास्टिकची मूठ. सोलापूरहून डझनाच्या पुठ्ठ्यात माल यायचा, तेलकट कागदात गुंडाळलेला. धार फार दिवस टिकायची नाही, हे मी स्वतःच सांगायचो. चहाच्या कपाच्या बुडावर चार वेळा घासली की पुन्हा चालू. मूठ मात्र कायम लाल. सुरुवातीला हिरव्या मुठीच्याही आणल्या होत्या. पण हिरवी सुरी बांधावर पडली की गवतात गेली, आणि शेतकरी पुढच्या बाजारात माझ्याच नावानं बोटं मोडायचा. लाल मूठ काळ्या रानात लांबून दिसते. ही अक्कल मला दुसऱ्या वर्षी आली, आणि तेव्हापासून माझ्या पेटीतल्या सगळ्या सुऱ्या एकसारख्या झाल्या. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गिऱ्हाईक म्हणाल तर नाना तऱ्हेचं. नळदुर्गजवळच्या हायवेवरचा एक ढाबेवाला दर बाजाराला अर्धा डझन सुऱ्या न्यायचा. एवढ्यांचं करता काय, असं विचारलं तर म्हणाला, "अण्णा, गडी कांदा चिरत्यात, सालपटासंगं सुरी बी बादलीत जातीया, अन् बादली जातीया म्हशीपुढं." तिकडं म्हशीवाला एकेक सुरी वेचून जपून ठेवत होता. वर्षभरानं तो पिशवीभर सुऱ्या घेऊन माझ्याकडंच आला, धार लावून द्या म्हणून. सगळ्या माझ्याच होत्या. मी निमूट लावून दिली.

या धंद्याचे दोन रिवाज. सुरी हातातून हातात द्यायची नाही. गोणपाटावर ठेवायची आणि गिऱ्हाइकानं तिथून उचलायची. आणि सुरी फुकट द्यायची नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. निदान एक रुपया तरी गोणपाटावर पडलाच पाहिजे. नाहीतर नातं तुटतं. हे दोन्ही मी कसोशीनं पाळले. एक गोष्ट मात्र रोज चुकत होतो आणि तिचं मला काहीच वाटत नव्हतं.

काकडीची साल एका लांब पट्टीत, मधे न तुटता काढून दाखवायची, ही माझी करामत. ती पट्टी हवेत धरली की बायका थांबायच्या. पण करामत करायला मी हाताला येईल ती सुरी उचलायचो. दिवसभरात दहाबारा सुऱ्यांनी काकडी, बटाटा, पेरू कापलेला असायचा. बाजार उठताना त्या फडक्यानं पुसायच्या आणि परत पेटीत, नव्या सुऱ्यांच्या ढिगात टाकायच्या. भाजी चिरणाऱ्या बाईला त्यानं काय फरक पडतो? काहीच नाही. फरक पडायचा तो एकाच तऱ्हेच्या गिऱ्हाइकाला.

आमच्याकडं बाळंतिणीच्या उशाखाली सुरी ठेवतात. बाळंतपण दवाखान्यात होतं, बाळाला लशी टोचल्या जातात, तरी घरी आल्यावर उशाखाली लोखंड जातंच आणि बारशापर्यंत तिथंच राहतं. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. त्या दिवसांत आणखीही कोण कोण दाराशी येतं म्हणतात. त्यांना थोपवायला ती सुरी. अट एकच, सुरी कोरी पाहिजे. तिनं काही म्हणजे काही कापलेलं नको, लिंबूसुद्धा नाही.

हे मला सांगितलं नागरमावशींनी. त्या सास्तूरच्या सुईण. उंच, वाळलेल्या, कपाळावर हिरवं गोंदण. हल्ली बाळंतपणं त्यांच्याकडं येत नव्हती, पण बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला आजूबाजूच्या गावांतून बोलावणं असायचंच. दर दोनतीन बाजारांनी त्या यायच्या, समोर बसायच्या आणि विचारायच्या, "अण्णा, ही कोरी हाय का?"

"कोरीच की, मावशी."

मग त्या सुरी उचलायच्या, डोळे मिटायच्या आणि पात्याची सपाट बाजू गालाला लावायच्या. भर दुपारचा बाजार, चारी बाजूंनी ओरडा, पलीकडं मिरच्यांच्या ढिगावर माणसं शिंकतायत, आणि ही बाई गालाला सुरी लावून गप्प. पहिल्याच वेळी त्यांनी सुरी परत ठेवली आणि म्हणाल्या, "हिनं काकडी खाल्लीया."

मी हसलो. वास आला असेल, असं धरून चाललो. पुढच्या वेळी मुद्दाम एक वापरलेली सुरी राखेनं घासली, आठवडाभर उन्हात ठेवली आणि नव्यांत मिसळून त्यांच्यापुढं सारली. माझी मलाच ती ओळखता येत नव्हती. मावशींनी एकेक गालाला लावली आणि नेमकी तीच बाजूला काढली.

"मावशी, एवढ्यानं काय व्हतंय?" मी विचारलं.

"एकदा चव लागली का पातं गप बसत न्हाय, अण्णा. मागत ऱ्हातंय. राखणीला बशिवलेलंच मागाय लागलं, तर लेकराला कोण राखायचं?"

त्या दिवसापासून मावशींना मी पुठ्ठा फोडून, तेलकट कागदातली सुरी काढून देऊ लागलो. फक्त मावशींना. बाकीच्यांना गाल कुठं होते?

पुढं एका दुपारी सास्तूरच्याच बाजारात पंचविशीतला एक माणूस घाईघाईनं आला. मोटारसायकल चालूच होती. "अण्णा, बाळंतिणीसाठी सुरी पायजे. कोरी हाय न्हवं? आईनं बजावून धाडलंय, कोरीच आन."

पुठ्ठा माझ्या पाठीमागं, दोरीनं बांधलेल्या पोत्यात होता. समोर गर्दी होती. मी पेटीत हात घातला, एक सुरी काढून गोणपाटावर ठेवली आणि म्हणालो, "एकदम कोरी. माझ्या शब्दावर ने."

ती पेटीतली होती एवढंच मला ठाऊक होतं. तिनं काही कापलं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. न बघता शब्द दिला, तो मात्र मी दिला.

आठवडाभरानं पुढच्या बाजारात तोच माणूस परत आला. या वेळी चालत. गर्दीतून वाट काढत आला, वाकला आणि ती सुरी गोणपाटावर ठेवली.

"परत घ्या."

"का? धार गेली का?"

"न्हाय."

"मग पैसे तरी घे बाबा."

"नकोत." त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी दोन शब्द बोललो असतो. तो गेला. तेवढ्यात एका बाईनं कांद्याची सुरी मागितली, दुसरीनं किंमत विचारली, आणि त्या गडबडीत परत आलेली सुरी मी पेटीत टाकली. टाकली आणि हात तिथंच राहिला. पण तोवर ती इतर लाल मुठींत मिसळून गेली होती.

त्यानंतर माझ्या पेटीला काहीतरी झालं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गळ्यात लिंग आहे, सकाळी भस्म लावतो, तेवढं मला पुरतं. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. गिऱ्हाईक पेटीत हात घालायचं, सुरी उचलायचं, अंगठ्यावर धार बघायचं, परत ठेवायचं आणि पदराला किंवा धोतराला हात पुसायचं. सगळ्यांचं असं नाही. दिवसातून दोनतीन जणांचं. सुरी कोरडी असायची. एका म्हातारीला मी विचारलं, "आज्जी, हाताला काय लागलं?" ती हाताकडं बघत म्हणाली, "काय न्हाय की." आणि पुन्हा पुसला. ती कुठली सुरी होती हे बघायला मी हात घालायचो, तोवर ती ढिगात असायची.

माझी पट्टीही तुटू लागली. वीस वर्षं न तुटलेली काकडीची साल मधेच, एका विशिष्ट सुरीनं सोलताना तुटायची. ती बाजूला ठेवीन म्हणायचो, पण कुणीतरी समोर येऊन बसायचं आणि मी ती पेटीत सोडून द्यायचो. एवढा मूर्खपणा माणूस वर्षभर कसा करतो, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं, ती नेमकी कुठली हे मला कळायला नको होतं.

मावशी मात्र त्या वर्षभरात बाजाराला आल्याच नाहीत. वय झालं असेल, असं मी मनाला सांगितलं.

मग आमची गौरा बाळंत झाली. गौरा माझी एकुलती एक लेक. आधी दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्या वेळी पोरगी जन्मली, पण दिवस भरायच्या आधी, मुठीएवढी. दोन दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊब द्या, अंगावर पाजा, आणि नजर हटू देऊ नका. गौरानं मान हलवली. त्या पोरीला काही झालं असतं तर आमची गौरा उरली नसती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

घरी आल्याबरोबर माझी बायको महानंदा म्हणाली, "सुरी काढा. कोरी."

कोरा पुठ्ठा घरात एकही नव्हता. होती ती पेटी. मी म्हणालो, दुकानातून आणतो. महानंदा चिडली की कानडीत बोलते, तसं भरपूर बोलून झाल्यावर मराठीत म्हणाली, "अख्ख्या तालुक्यातल्या लेकरांच्या उशाला तुमची सुरी, अन् आपल्या नातीला दुकानातली? लोक काय म्हणतील?" काय म्हणतील ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि खरं सांगू, दुकानदारही माझ्यासारखाच असणार. त्याच्या शब्दावर मी कसा विसंबू?

पेटी उघडून बसलो. तीसेक लाल मुठी. त्यातल्या किती कोऱ्या, देव जाणे. आणि त्यातच कुठंतरी ती परत आलेली. एकेक गालाला लावून पाहिली. मला काही कळलं नाही. गालाला गार लागलं, एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं सास्तूर गाठलं. मावशींनाच आणायचं, त्याच निवडून देतील. बाजार नसलेल्या दिवशी त्या गावात मी कधी गेलो नव्हतो. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव; सरळ गल्ल्या, एकासारखी एक घरं. सुईणीचं घर विचारलं तर एकानं हात दाखवला, "दुसऱ्या गल्लीत, पाचवं." मी दुसऱ्या गल्लीत गेलो, पाचवं घर मोजलं, दार बंद. परत फिरलो, पुन्हा मोजलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळे रानात गेलेले. तिसऱ्या वेळी मोजत आलो तर त्याच दारात एक माणूस उभा होता.

सुरी परत आणून ठेवणारा तोच माणूस.

आल्या पावली परत फिरावं असं वाटलं. तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला, मग आत वळून म्हणाला, "आई, सुरीवाले अण्णा आल्यात." आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला. त्याचं नाव बालाजी, हे मला तिथं कळलं.

मावशी बाहेर आल्या. वर्षभरात निम्म्या झाल्या होत्या. मला कबूल करायचं होतं, पण तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "लेक बाळंत झालीया, मावशी. पोरगी लई बारकी हाय. सुरी निवडून द्या."

"पाचवी कधी?"

"उद्या."

मावशींनी एक लुगडं पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या. दुसरा शब्द विचारला नाही.

घरी आल्यावर गोणपाट अंथरलं, पेटी पालथी केली. मावशी एकेक सुरी गालाला लावून बाजूला ठेवू लागल्या. "हिनं खाल्लंय. हिनं बी. ही बी." माझी नजर वर होत नव्हती. ढीग कमी होत गेला. मग एक सुरी त्यांनी गालाला लावली आणि डोळे उघडलेच नाहीत. बराच वेळ. आतल्या खोलीत बाळ किरकिरलं आणि गप्प झालं. मावशींनी सुरी खाली ठेवली आणि पदरानं गाल पुसला.

"ही आमच्या घरातनं आलीया," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी सांगितलं. सगळं. काकडी, फडकं, पाठीमागचा पुठ्ठा, चालू मोटारसायकल, माझा शब्द. हात जोडले. मला वाटलं त्या उठतील, शिव्या देतील, माझ्या दारात पाणी ओतून, कायमचा संबंध तोडून निघून जातील.

त्या सुरीकडं बघत बोलल्या. "नातू हुता. चौथ्या दिशी गेला. डाक्टर म्हणले, काळजाला भोक हुतं. सुरीनं काय झालं न्हाय, अण्णा, म्या अडाणी असले तरी एवढं कळतंय मला." त्यांनी सुरी बोटानं जरा लांब सारली. "पर म्या ती सुरी गालाला लावली न्हाय. जल्मात तेवढीच एक लावली न्हाय. बालाजी म्हणला, आई, अण्णांनी शब्द दिलाय. म्हणलं, मग कशाला बगायचं? उशाखाली घातली अन् चार दिसाची जागलेली म्या निवांत झोपले. उठले तवा लेकरू गार हुतं."

मला रडू आवरलं नाही. साठीचा माणूस, पेटीपुढं बसून लहान पोरासारखा रडलो. मावशींनी मला रडू दिलं. मग त्यांनी सगळ्या सुऱ्या, तीसच्या तीस, पेटीत भरल्या आणि झाकण लावलं.

"ह्यातली एक बी न्हाय ठेवायची. उशाला काय नको. म्या बसते."

आणि त्या बसल्या. बारशापर्यंत. गौराच्या खाटेशी भिंतीला टेकून, बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवून. दिवसा महानंदा बदली बसायची तेव्हा घटकाभर डोळा लावायच्या. पाचवीच्या पहाटे गौराची हाक ऐकू आली म्हणून आम्ही धावलो, तर मावशी बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होत्या. बाळ काळंनिळं पडलं होतं. श्वास घ्यायचंच विसरलं होतं. चौथ्या-पाचव्या टिचकीला ते दचकलं आणि ओरडलं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस न भरलेल्या बाळांचं असं होतं. वेळेवर कुणी बघितलं म्हणून, नाहीतर झोपेतच गेलं असतं. मावशी दवाखान्याच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची दोन बोटं अजून हवेत तशीच होती, खाली काही नसताना.

गौरा पुढं कितीतरी दिवस म्हणायची की त्या पहाटे मावशी कुणाशी तरी बोलत होत्या. हळू आवाजात, दाराकडं तोंड करून. "आता न्हाय. एक नेलास न्हवं? हितं म्या जागी हाय." मी मावशींना त्याबद्दल कधी विचारलं नाही.

आज ती पोरगी अंगणवाडीत जाते आणि घरातलं एक भांडं जागेवर राहू देत नाही. आणि त्यानंतर बाजारात बसलो तोवर कापून दाखवायची सुरी मी एकच ठेवली, काळा दोरा गुंडाळलेली, म्हणजे ती पुन्हा कोऱ्यांत मिसळायला नको.

बारसं झालं, पोरीच्या गळ्यात लिंग बांधलं, आणि मावशी निघाल्या. महानंदानं लुगडं-चोळी दिली. मीही काहीतरी द्यायला हवं होतं, पण माझ्याकडं देण्यासारखं होतं काय? मावशींनीच पेटी मागितली. मी गोणपाट अंथरलं. त्या बाजारात बसायच्या तशा समोर बसल्या, ढिगात हात घातला आणि पहिल्याच झटक्यात ती सुरी काढली. गालाला न लावता. गोणपाटावर ठेवली, कनवटीचा एक रुपया काढून तिच्याशेजारी ठेवला, आणि माझ्याकडं बघून नेहमीच्याच आवाजात विचारलं, "अण्णा, ही कोरी हाय का?"

मी म्हणालो, "न्हाय, मावशी. ही कोरी न्हाय."

"आता शब्द खरा हाय. मग नेते," मावशी म्हणाल्या, आणि सुरी उचलली.